मिशीला पीळ म्हणजे कॉफी

आमच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, येऊन कुणी “एक चहा द्या” म्हणालं, की हा माणूस सुरतेच्या उधन्यात नवा आहे हे सगळ्यांना कळायचं. जुन्या माणसाला चहा कधी लागतच नसे. त्याला कांडी लागायची, नाहीतर बीम. कुणाला कोरा, कुणाला सासू, कुणाला माहेर. ‘चहा’ हा शब्द फक्त लारीच्या पाटीवर होता, तोही गुजरातीत, आणि पाटी आधीच्या मालकाची होती.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी माझ्या सुनेची मैत्रीण. ती मागे लागली, “अक्का, इतकी वर्षं लारी चालवलीत, त्यावर लिहा की.” मी म्हटलं, “उकळायचा, गाळायचा, द्यायचा. यात लिहायचं काय?” मग तिला ही नावं सांगत बसले आणि आमची दुपार त्यातच गेली. जाताना ती म्हणाली, हेच लिहा. तेव्हा वाचताना कंटाळा आला तर तिला बोला, मला नको.

आम्ही अमळनेरकडचे. लग्नानंतर सुरतेला आले. हे डाइंग मिलमध्ये होते, राहायला गोडादऱ्यात खोली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उधन्यात एका गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी घेतली. गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खाती. कापड विणण्याच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात आणि मागाला सांचा. सांचा चालवणारा तो कारीगर. आमच्या गल्लीतले निम्म्याहून जास्त कारीगर खानदेशचे. बाकीचे मराठवाड्याचे, वऱ्हाडातले, काही ओरिसाकडचे.

खात्यात शिरलं की सांच्यांची खटखट कानात वाजत नाही, छातीत वाजते. शेजारच्या माणसानं बोंब मारली तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. मी किटली आणि ग्लासांची जाळी घेऊन आत जायची तेव्हा विचारणार काय आणि ते सांगणार काय? म्हणून खुणा आल्या. करंगळी वर केली की अर्धा ग्लास. आडवं सूत ज्या कांडीवर गुंडाळलेलं असतं ती तेवढीशीच, म्हणून अर्धा चहा म्हणजे कांडी. दोन्ही तळवे लांब धरले की भरलेला ग्लास, तो बीम, कारण उभ्या सुताचा बीम चांगला मांडीएवढा जाड असतो. चिमटीत कोरं कापड चाचपल्यासारखं केलं की बिनदुधाचा, म्हणजे कोरा. आधी खूण आली की आधी नाव, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण माणसं नुसत्या सांच्यावर थोडीच जगतात? घर मागे सोडून आलेली, एका खोलीत दाटीवाटीनं राहणारी. त्यामुळे लवकरच चहात नातेवाईक शिरले. बिनसाखरेचा चहा झाला सासू. त्याची खूण म्हणजे तोंड वाकडं करायचं. माझी सासू तेव्हा आमच्याकडेच होती. तिला हे कळू नये म्हणून मी फार जपायची. तरी कळलंच. एक दिवस ती स्वतः लारीवर आली, सगळ्यांसमोर बाकावर बसली आणि म्हणाली, “माले एक सासू दे, भरपूर साखर टाकीसन!” त्यानंतर बरेच दिवस कारीगरांनी तोंड वाकडं करायची हिंमत केली नाही. ज्यांना खरंच बिनसाखरेचा हवा असायचा त्यांनीही मुकाट गोड प्यायला.

जास्त साखरेचा चहा म्हणजे माहेर. तळहात गालावर ठेवायचा आणि मान कलती करायची, आईच्या मांडीवर निजल्यासारखी. दांडगे, मिशाळ बाप्ये सांच्यापुढे उभे राहून ही खूण करायचे, तेव्हा मला हसू आवरत नसे. उशिरा पोचलेल्या गार चहाला भुसावळ म्हणत, कारण आम्हाला गावाकडे नेणारी भुसावळची गाडीही तशीच यायची. “अक्का, भुसावळ उनी का?” म्हणजे आली का, असं कुणी विचारलं, की आपली चूक झाली हे समजून मी किटली परत फिरवायची.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. आमच्या एका कारीगराचा मेहुणा कतारगामला हिरे घासायचा. तो बहिणीकडे आला की लारीवर यायचा. लिंबू पिळलेला कोरा मागायचा आणि पिण्याआधी ग्लास उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघायचा. कधी मान हलवून म्हणायचा, “जरा डाग आहे.” मी म्हणायची, “डाग ग्लासाला आहे, चहाला नाही.” त्याच्यामुळे लिंबाच्या चहाला हिरा नाव पडलं. तो पुढे येईनासा झाला, नाव मात्र टिकलं.

आता कॉफी. तिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आमच्या खानदेशात त्या काळी घरी कॉफी रोज कोण करणार? जावई आला, किंवा पोरीला बघायला पाहुणे आले, तरच दुधात जायफळ पडायचं. म्हणून लारीवर कॉफीचं नाव जावई. खूण मिशीला पीळ. एरवी जावई कुणी मागत नसे. पण एक रीत पडली होती. ज्याच्या पोरीचं लग्न ठरेल त्यानं सगळ्यांना जावई पाजायचा. तो खात्यात सांच्यांमध्ये उभा राहून मिशीला पीळ द्यायचा आणि हात सगळ्यांवरून फिरवायचा. तोंडानं एक अक्षर न बोलता साऱ्या खात्याला कळायचं. मी कॉफीचा एक लहान डबा त्यासाठीच भरून ठेवायची, आणि तो उघडायची वेळ आली की मलाही आपल्याच घरचं कार्य निघाल्यासारखं वाटायचं.

सुकदेव धरणगावकडचा. अंगानं बारीक, कामात पक्का, शब्दाला गरीब. त्याचं ठरलेलं मागणं म्हणजे करंगळी वर आणि मग गालावर तळहात: अर्धा, जास्त साखरेचा. गंमत अशी, की तो लारीवर आला तरी खुणाच करायचा. बाहेर तर बोललेलं ऐकू येतं. मला वाटायचं, सवय झाली असेल. सांच्यावरून उतरलेले सगळेच बराच वेळ ओरडून बोलत, तसं याचं हे. तो नेहमी माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि माझ्या ओठांकडे बघायचा. परका पुरुष असा बघत राहिला तर राग यायला हवा, पण त्याच्या नजरेत तसलं काही नव्हतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो बघायचा.

एकदा तो लारीला पाठ करून उभा होता आणि मागून मालाचा टेम्पो उलटा येत होता. मी ओरडले, भोंगा वाजला, आणखी दोघे ओरडले. सुकदेव हलला नाही. हिलालनं धावत जाऊन त्याला दंडाला धरून ओढलं. हिलाल त्याचा गाववाला, गोडादऱ्यात शेजारच्या खोलीत राहणारा. सुकदेवनं टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी समजले.

हे उघडं पडणं धोक्याचं होतं. शेजारच्या गल्लीत एका कारीगराला मागून दिलेली हाक ऐकू गेली नव्हती. त्याची बाही सांच्याच्या पट्ट्यात गेली आणि हाताची बोटं गेली. तेव्हापासून सगळ्याच शेठ लोकांनी धसका घेतला होता. ऐकू न येणारा माणूस कळला की त्याला गोड बोलून घरी पाठवत. आणि इकडे सुकदेवच्या पोरीचं, कल्पनाचं, पारोळ्याच्या एका घरी जुळत आलं होतं. पाहुणे पुढच्या रविवारी गोडादऱ्याला येणार होते. बाप कुठे काम करतो, हे पाहुणे पहिलं विचारणार. बाप घरी बसलाय, बहिरा आहे, हे ऐकल्यावर ते पोहे खातील, कॉफी पितील आणि कळवतो म्हणून निघून जातील. असं झालेलं मी दुसऱ्या घरी पाहिलं होतं.

हिलालनं मला सगळं सांगायचं ठरवलं, आणि त्यानं जागा निवडली खात्याच्या दाराशी. सांच्यावरचा माणूस गुपित कसं सांगतो, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. तो गुपितसुद्धा बोंब मारूनच सांगतो. दुसरा इलाजच नसतो, आणि त्या कलकलाटात तिसऱ्याला ऐकू जायची भीती नसते. हिलालनं माझ्या कानाशी तोंड आणलं, छाती भरून श्वास घेतला, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे सांचे एका झटक्यात बंद. त्या शांततेत हिलालचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला:

“अक्का, सुकदेवले आते काहीच ऐकू येत नही! कोनले सांगू नको!”

सगळी गल्ली थबकली. कांड्या भरणाऱ्या बायका दारात आल्या. आणि पलीकडे पान्हा हातात घेऊन खात्याचा मास्तर उभा होता. सांचे दुरुस्त करणारा, कारीगरांवर देखरेख ठेवणारा, शेठचा माणूस. सुकदेव आत हात पुसत होता. सगळे आपल्याकडे का बघताहेत, हे एकट्या त्याला कळत नव्हतं. हिलालनं भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाइट गेली आणि खात्याचे मालक रमणभाई शेठ स्वतः लारीवर येऊन बसले. शेठ एरवी लारीवर येत नसत. त्यांचा चहा मी ऑफिसात पोचवायची. तिथल्या खिडकीतून त्यांना खातं दिसायचं आणि माझी लारीही. माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला म्हणू. बाजूच्या गल्लीतला तो रक्तानं माखलेला हात त्यांनीही पाहिला होता. बाकावर बसून ते हळू आवाजात म्हणाले, “अक्काबेन, साचु बोलजो. सुकदेवने संभळाय छे के नही?” खरं सांगा म्हणे, त्याला ऐकू येतं की नाही.

मी स्टोव्हला पंप मारायला लागले. म्हटलं, “शेठ, माझ्या लारीवर ऐकण्याचं काम कुणाला असतं? सगळे हातानं बोलतात.”

“तो हुं बेसुं छुं,” शेठ म्हणाले. बसतो म्हणे, बघतो.

कारीगर बाहेर यायला लागले. पहिला आला हिलाल. त्यानं शेठना पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. मागून येणाऱ्यांकडे वळून त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मग कानावर हात ठेवला. बस्स. एवढ्यानं सगळ्यांना कळलं, कारण आदल्या दिवशीची बोंब सगळ्यांनीच ऐकली होती. एकेक जण लारीशी आला. करंगळ्या वर झाल्या, तळवे लांब झाले, चिमट्या चोळल्या गेल्या, तोंडं वाकडी झाली. मी गाळत गेले, देत गेले. इतकी माणसं जमली होती, पण आवाज फक्त स्टोव्हचा आणि ग्लासांचा. आमच्या लारीवर एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. एरवी लाइट गेली की नुसता मासळीबाजार असायचा.

सुकदेव शेवटी आला, तोंड धुऊन. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, शेठसमोर सांगणार तरी कसं? तो नेहमीच्या जागी, माझ्याकडे तोंड आणि शेठकडे पाठ करून उभा राहिला. करंगळी वर, मग गालावर तळहात. मी ग्लास दिला. 

“सुकदेव!” शेठनी मागून हाक मारली.

सुकदेव वळला नाही. दुसरंही कुणी वळलं नाही.

“हिलाल!”

हिलाल शेठपासून हातभर अंतरावर होता. त्यानं शांतपणे चहाचा घोट घेतला.

“भिका!” भिका तर नावाप्रमाणे बापडा. शेठच्या सावलीला घाबरायचा. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती, पण गड्यानं मान वळवली नाही.

“अरे, बधा बहेरा थई गया छो के शुं?” सगळे बहिरे झालात की काय, म्हणत शेठ उठूनच उभे राहिले. “अक्काबेन!”

मीही बहिरी झाले. फडकं पिळलं, पत्तीचा डबा उघडला, उगाच बंद केला. वाटलं, आता या माणसानं सगळ्यांना हाकललं तर एवढ्या बिऱ्हाडांचं पाप कुणाच्या माथी? पण खरं सांगते, त्या वेळी भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला.

शेठ लारीला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आता सगळ्यांची तोंडं त्यांच्यासमोर. एकूण एक जण ग्लासात बघत होता, कारण वर पाहिलं असतं तर कुणाला हसू फुटलं असतं, कुणाला रडू. वर पाहत होता एकटा सुकदेव. त्याला बघत राहणं भागच होतं. शेठनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती. शेठनी ओठ मिटून घेतले. मग त्यांनी सुकदेवकडे बोट केलं, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि तळहात उताणा केला. जावई ठरला का? कधी?

इतकी वर्षं खिडकीतून पाहून पाहून शेठना आमची भाषा येत होती, आणि आमच्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

सुकदेवचा चेहरा उजळला. खणखणीत, गल्ली दणाणेल अशा आवाजात तो म्हणाला, “नही शेठ, आजून नही! रविवारले पाव्हना येतस!”

कुणी हललं नाही. स्वतःचा आवाज केवढा मोठा होतो, हे त्याला कुठे कळत होतं? पण आम्हा सगळ्यांना कळलं, शेठनाही कळलं. त्यांनी ग्लासात तोंड खुपसून उभ्या असलेल्या त्या सगळ्या बहिऱ्यांवरून नजर फिरवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “संभळाय छे ने. में पूछ्युं, एणे जवाब आप्यो.” ऐकू येतं की त्याला. मी विचारलं, त्यानं उत्तर दिलं.

आणि ते ऑफिसात निघून गेले. हिलाल मटकन खाली बसला. माझा जीव भांड्यात पडला.

शेठ भोळे नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी सुकदेवला सांच्यावरून काढून कापडाचे ताके, म्हणजे तागे, तपासायच्या टेबलावर बसवलं. तिथे पट्टा नाही, कापडातले दोष फक्त डोळ्यांनी शोधायचे. सुकदेवला ते रुचलं नाही. सांच्यावरच्या कारीगराला टेबलावर बसणं म्हणजे घोड्यावरून उतरून ओट्यावर बसणं. काही दिवस तो लारीवर आला नाही. पण काम उधन्यातच राहिलं, खातं तेच राहिलं, आणि रविवारी पाहुण्यांनी विचारलं तेव्हा त्याला सरळ मान वर करून सांगता आलं.

एक गोष्ट मला आज खुपते. आम्ही नावं पाडली, खुणा केल्या, खूप हसलो. पण त्या खटखटीत किती जणांचे कान हळूहळू जात होते, याचा विचार कुणी केला नाही. डोळे लाल झाले तर आम्ही माणसाला दवाखान्यात पाठवायचो. कान गेले तर म्हणायचो, सांच्याची सवय आहे. हिलालही आता फोनवर दहादा “काय?” विचारतो. लारी मी विकून टाकली, गुडघे चालेनात म्हणून. त्या गल्लीत नव्या तऱ्हेचे सांचे आलेत म्हणतात. पोरं तिथे हिंदीत चहा मागतात आणि त्यांना चहाच मिळतो.

तर त्या रविवारी कल्पनाचं जमलं. सोमवारी मी किटली घेऊन खात्यात गेले, तर तपासणीच्या टेबलाशी सुकदेव उठून उभा राहिला. त्यानं मिशीला पीळ दिला आणि हात सगळ्यांवरून फिरवला, पार ऑफिसच्या खिडकीपर्यंत. आत चालू सांच्यांवर हात वर झाले. मी कॉफीचा डबा उघडला. माणसं जास्त आणि कॉफी थोडी, म्हणून जायफळ हात सैल सोडून किसलं. शेठचा ग्लास मी ऑफिसात नेऊन दिला. 

दुपारच्या सुट्टीत सुकदेव लारीवर आला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो म्हणाला, त्याच्या मते हळू, “अक्का, त्या दिन कोनंच तोंड हालत नव्हतं. माले ऐकू येत नही, पन दिखस ना.”

मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मान हलवली. त्या दिवशी आम्हाला कुणालाच ऐकू येत नव्हतं, असं सांगितलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसले.

मग त्यानं आपल्याच पोरीच्या कॉफीचा घोट घेतला, तोंड थेट सासूसारखं वाकडं केलं, आणि ग्लास लारीवर ठेवून दिला. करंगळी वर केली. गालावर तळहात ठेवून मान कलती केली.

मला म्हणायचं होतं, अरे बाबा, आता माहेर तुलाच व्हायचं आहे. पण तेवढी खूण आमच्याकडे नव्हती. मी साखर जरा जास्तच टाकली.